मागच्या सीटचे गुण

४ मार्च

दोन महिन्यांतली चौथी क्रॉसओव्हर आज दारात येऊन उभी राहिली. धड मोटार नाही, धड जीप नाही. छोटीच गाडी, वीतभर उंच केलेली, दारांखाली काळं प्लास्टिक आणि नाव असं की डोंगर पालथे घालणार. घेणारा माणूस ती घेऊन शाळा, दवाखाना आणि भाजी यापलीकडे जायचा नाही. हेच वाक्य मी सव्वीस वर्षं गाड्यांच्या परीक्षणांत वेगवेगळ्या शब्दांत लिहितोय. शब्दही आता संपत आले.

पूर्वी नवी गाडी आली की मी चपला न घालताच खाली धावायचो. आज किल्ली घेतली, सही केली आणि परत येऊन आडवा झालो.

गाडी आणणारा म्हणाला, "सर, जरा चालवून तरी बघा." म्हटलं, तीन दिवस आहेत बाबा, ती कुठं पळून जातेय.

६ मार्च

आज मागच्या सीटची परीक्षा. म्हणजे बायकोचा दिवस.

आमची पद्धत बावीस वर्षं बदललेली नाही. पहिल्या दिवशी मी एकटा गाडी चालवतो, दुसऱ्या दिवशी ही मागे बसते, तिसऱ्या दिवशी मी लिहितो. माझ्या शेजारच्या सीटवर माझी पेटी असते, पट्ट्याने बांधलेली. त्यात टेप, आवाज मोजायचं यंत्र, कॅमेरा. ही मागे, हातात छोटी वही आणि पेन्सिल. डोक्यावर किती जागा उरते ते मी हिच्या डोक्यावर बोटं आडवी धरून मोजतो. मिलिमीटर वाचकाला कळत नाहीत, बोटं कळतात.

शेवटी बंद कारखान्यामागची गल्ली. तिथे पाच स्पीडब्रेकर आहेत, एकापेक्षा एक बेढब. लेकीने लहानपणी त्यांना 'पाच भाऊ' असं नाव ठेवलं, तेच आजवर चालू आहे. प्रत्येक गाडी पाच भावांवरून ताशी पंचवीसने, एकदा जाताना, एकदा येताना. वेग कमी करायचा नाही. केला तर तुलना कसली?

आजच्या गाडीत बसायला हिला वेळ लागला. एक हात टपावर, एक दाराला, मग "थांबा हं जरा" आणि मग आत. दाराची मूठ फार मागे आणि उंबरठा उंच, दुसरं काय. एक गुण कापला. सीट दगडासारखी कडक म्हणाली. आणखी एक कापला. डोक्यावर सहा बोटं जागा, ती मात्र भरपूर.

पाच भावांनंतर मी विचारलं, "काय लिहू?" थोड्या वेळाने म्हणाली, "लिहा, पाहुण्यांनी लवकर उठावं म्हणून ही सीट केलीय."

हसून हसून मी वळणच चुकलो. बाईच्या जिभेला अजून धार आहे.

११ मार्च

ऑफिसात बैठक. तिथं सगळे मला काका म्हणतात. संपादकही, आणि तो काही तितका लहान नाही, पोट माझ्याएवढंच आहे.

"काका, लोक आता वाचत नाहीत, बघतात," म्हणाला. नवीन व्हिडिओवाली मुलगी चार मिनिटांत गाडी आटोपते. इंजिनाचं नाव तिला माहीत नसतं, पण पाच लाख लोक बघतात. माझा लेख किती जण पूर्ण वाचतात, त्याचा आकडा त्याने भिंतीवर दाखवला. मी खिडकीबाहेर बघितलं.

"पण तुमच्या लेखात काकूंच्या वाक्याची ती मागच्या सीटची चौकट असते ना, ती लोक शोधून वाचतात. काकूंना सांगा, त्या आहेत तोवर तुम्ही आहात."

घरी येऊन चहा घेताना हिला म्हटलं, "ऐकलंस का, माझी नोकरी तुझ्या बैठकीवर टिकून आहे." ही हसली. मग कपातल्या चहाकडे बघत बसली. मग म्हणाली, "पुढची गाडी कधी येतेय?"

या वयातही हौस बघा.

१९ मार्च

कालची गाडी तर शुद्ध फसवणूक. खिडकीची कड इतकी उंच की मागच्याला नुसतं आभाळ दिसतं. ही म्हणाली, "रस्ता कुठाय तेच कळत नाही." पट्टा खांद्यावरून जायच्या ऐवजी गळ्याला कापतो. हल्ली सगळ्यांना गाडी दणकट दिसायला हवी, म्हणून पत्रा वर आणि काच लहान. माणूस आत बसतो हे कुणाच्या लक्षातच नाही. दोन पानं याच्यावर लिहिली. बऱ्याच दिवसांनी लिहिताना अंगात जरा जीव आला.

निघताना ही घरातून उशी घेऊन आली होती. मी म्हटलं, "अगं, उशी घेऊन बसलीस तर परीक्षा कसली? गिऱ्हाईक काय गाडीबरोबर उशी विकत घेणार आहे?" परत ठेवून आली बिचारी.

डोक्यावर साडेसहा बोटं. टप वाढवतायत सगळे, एवढं एकच बरं करतायत.

२५ मार्च

आज गाडी नाही. दिवसभर झोपावंसं वाटलं, झोप आली नाही.

ही म्हणाली, स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरचा डबा खाली काढून द्या, हात पोचत नाही. म्हटलं, इतकी वर्षं कसा पोचत होता? तर म्हणे तुम्हीच मागे सरकवून ठेवला असेल. मी कधी त्या डब्याला हात लावला? पण वाद कोण घालणार. सगळे डबे खालच्या फळीवर आणून दिले.

दुपारी शिवणारीकडून हिचे तीन ड्रेस आले, खालून दुमडून आखूड केलेले. म्हटलं, नवी फॅशन का? "हो, नवी फॅशन," म्हणाली.

२ एप्रिल

आज ती जुनी ओळखीची छोटी गाडी, नवा चेहरा लावून आलेली. दिवे बदलले, जाळी बदलली, आत मोठा पडदा टाकला. तीन वर्षांपूर्वी या गाडीच्या मागच्या सीटला आम्ही दहापैकी आठ दिले होते. त्या वेळी बायकोने म्हटलं होतं, "हिच्यात बसून मला माहेरी जावंसं वाटतं." कंपनीने ते वाक्य जाहिरातीत छापलं होतं. ही ते कात्रण अजून कपाटात ठेवून आहे.

आणि आज? चौथ्या भावावर मागून आवाज आला. "आई गं" असा, पण दाबलेला. आरशात बघितलं तर ही डोळे मिटून बसलेली, दोन्ही मुठी सीटवर टेकवून अंग वर उचललेलं. पेन्सिल खाली पडलेली. इतकी वाईट सीट! चांगल्या गाडीचं हे लोक असं वाटोळं करतात. नवा पडदा द्यायचा आणि त्याची भरपाई गादीतून करायची. माझं डोकंच फिरलं. परत येतानाही मी मुद्दाम तोच वेग ठेवला, म्हटलं नीट खात्री होऊ दे.

दहापैकी चार. डोक्यावर सात बोटं. तीन वर्षांपूर्वी चार होती, म्हणजे टप तेवढा उंच केलाय.

"काय लिहू?" तर म्हणाली, "लिहा तुम्हीच काहीतरी." बावीस वर्षांत पहिल्यांदा. शेवटी वाक्य मीच केलं आणि तिच्या नावावर घातलं. 'आता हिच्यात बसून माहेरी पोचेपर्यंत माणूस सासरीच बरा.' बरं जमलंय. पण छापायला पाठवल्यावर चोरी केल्यासारखं वाटलं.

१४ एप्रिल

संपादकाचा फोन. आवाजात 'काका' नव्हतं.

कंपनी चिडलीय. त्यांचं म्हणणं, मागची सीट आम्ही बदललेलीच नाही. जी होती तीच आहे. मग तीन वर्षांपूर्वी आठ आणि आता चार कसे? काकांनी कुणाचं काही घेतलं का, असंही कुणीतरी विचारलं म्हणे. परवा त्यांची सीटची इंजिनिअर घरी येणार आहे, कागद घेऊन. "चूक तुमची निघाली तर माफी छापावी लागेल, आणि मग चौकटही गेली. आणि मग..." आणि फोन ठेवला.

सव्वीस वर्षांत कुणी मला विकत घेतलं नाही. एक किल्लीची साखळी घेतली असेन. राग यायला हवा होता, पण नुसता थकवा आला. हिला सांगितलं. तिचा चेहरा पडला. म्हणाली, "माझ्यामुळे झालं का?" म्हटलं, छे गं, तुझा काय संबंध.

१६ एप्रिल

इंजिनिअर आली. पस्तिशीची असेल. कमी बोलणारी. तीच गाडी घेऊन आली होती, शिवाय जुन्या सीटचे सगळे आकडे. मी माझी वही काढली. दोघांनी मिळून मागची सीट उलटीपालटी केली. गादीची जाडी तीच. दाबून बघितली, तीच. पाठीचा कोन तोच. उंबरठा तोच, मूठ तीच, स्प्रिंगसुद्धा त्याच. दर मापाला ती माझ्याकडे बघायची आणि मी वहीकडे.

शेवटी मी म्हटलं, "आणि टप? टप तर तुम्ही वाढवलाय. चारची सात बोटं झाली."

"टपाचा पत्रा जुन्याच साच्यातला आहे, सर. एका मिलिमीटरचा फरक नाही."

"मग तीन बोटं आली कुठून?"

तिने कागद मिटले आणि विचारलं, "मागे बसणारी व्यक्ती तीच आहे का?"

"तीच. बावीस वर्षं तीच. पाच फूट दोन इंच. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय."

तेवढ्यात ही चहा घेऊन आली, एक हात दाराच्या चौकटीला धरून. इंजिनिअर उठली, ट्रे स्वतः घेतला आणि हिला बसायला सांगितलं. आमच्याच घरात! मग दोघी बराच वेळ सीट सोडून भलत्याच गोष्टी बोलत बसल्या. झोप लागते का, कुशीवर वळता येतं का.

जाताना दारात मला म्हणाली, "सर, मोजायची पट्टी आम्ही दर वर्षी तपासून घेतो."

खोचक बाई. माझा टेप सहा महिन्यांपूर्वीचा आहे, मोहोर असलेला. पावतीसुद्धा आहे.

१७ एप्रिल

छत तिथंच आहे. सीट तिथंच आहे.

सकाळी दाढी करताना उमगलं आणि तसाच अर्ध्या साबणाने बाहेर आलो. हिला म्हटलं, दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहा. "कशाला?" म्हणाली. पण मला वाटतं तिला कळलं होतं. टेप लावला. चार फूट साडेअकरा. पुन्हा लावला. तेवढंच.

मी खालीच बसलो. पाठ अजून चौकटीला लावून ती उभी होती.

"कधीपासून?"

"वर्ष झालं असेल. आधी कंबर धरायची. मग पाठ. म्हटलं वय आहे, होतं."

"आणि मला बोलली नाहीस?"

"बोलणारच होते हो. पण तुमचा ऑफिसातला तो त्रास सुरू झाला. मग तुम्हीच म्हणालात, नोकरी माझ्या बैठकीवर आहे." मग म्हणाली, "आणि तेवढंच आपलं दोघांचं फिरणं. एरवी तुम्ही मला कुठं नेता?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा. गाडी मोजली, टप मोजला, उशी परत ठेवायला लावली. घरातलं माणूस तीन बोटं खचलं आणि मी गुण गाड्यांचे कापत बसलो. माझ्यासारखा गाढव मीच. पूर्ण वर्षभर गाढव.

१८ एप्रिल

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला. दोन मणके दबलेले. चौकोनी असायला हवेत, ते पाचरीसारखे झालेत. हाडं आतून विरळ झालीत, म्हणाले. हळूहळू होतं, कळत नाही.

"पडल्या होत्या का कधी?"

"नाही," ही म्हणाली.

"मग पाठीला मोठा धक्का वगैरे?"

ही पटकन म्हणाली, "छे हो, धक्का कसला."

मी म्हटलं, "पाच. दर गाडीला पाच जाताना, पाच येताना. ताशी पंचवीस. वर्षाला तीस गाड्या."

डॉक्टरांना काही कळेना. मी सगळं सांगितलं, उशीसकट. ते नुसतं लिहीत राहिले. मग म्हणाले, गेलेली उंची परत येणार नाही. आणखी जाऊ नये हे मात्र आपल्या हातात आहे. सहा आठवडे कमरेला पट्टा, औषधं, दर सहा महिन्यांनी इंजेक्शन, आणि गाडीत मागे अजिबात बसायचं नाही. मागची सीट चाकावर असते, धक्का थेट तिथं बसतो. पुढे बसा, पाठ जरा कलती ठेवून.

मागची सीट चाकावर असते. हे वाक्य मी स्वतः निदान पन्नास वेळा छापलंय.

२१ एप्रिल

संपादकाकडे गेलो. चौकट लिहून नेली होती: 'गेल्या वर्षभरात या जागी मागच्या सीटचे जे गुण कापले गेले, ते गाड्यांचे नव्हते. माझी पत्नी आजारी होती आणि ते मला दिसलं नाही. या गाडीच्या मागच्या सीटला आठ. वाचकांची, कंपनीची आणि पत्नीची माफी मागतो.'

त्याने दोनदा वाचलं. "काका, हे छापलं तर लोक तुमच्यावर तुटून पडतील."

"पडू देत."

"आणि चौकट?"

"बंद."

मग म्हणाला, "काकू कशा आहेत?" आणि खुर्ची पुढे ओढून दिली. माझ्या नोकरीचं काय होणार ते तो बोलला नाही. मलाही विचारायचं सुचलं नाही. इंजिनिअरला फोन केला, आभार मानायला. ती म्हणाली, "माझ्या आईचं आम्हाला उशिरा कळलं, सर."

२६ एप्रिल

लेक आली. आल्याआल्या तिने मला फैलावर घेतलं, आणि योग्यच केलं. "बाबा, तुला अ‍ॅक्सलचा आवाज दोन गल्ल्यांवरून ऐकू येतो, आणि आईचं कण्हणं मागच्या सीटवरून ऐकू येत नाही?" मी मान खाली घातली.

दुपारी ही झोपल्यावर मी लेकीला म्हटलं, चल, पाच भावांवर. तू चालव. मी मागे बसतो. ताशी पंचवीस.

पहिल्या भावाला दात वाजले. दुसऱ्याला मानेत कळ गेली. तिसऱ्याला तोंडातून शिवी निघाली. चौथ्याच्या आधीच मी ओरडलो, "थांब." लेक थांबली. आरशातून माझ्याकडे बघत राहिली. माझी हाडं धडधाकट आहेत आणि मला पाचही पुरे करता आले नाहीत. मी मागच्या सीटवर बसून रडलो. लेकीने गाडी बंद केली आणि वाट बघितली.

संध्याकाळी हिच्या वह्या काढल्या. मी आजवर त्यातली फक्त वाक्यं उतरवून घ्यायचो. जुन्या वह्यांत अक्षर टपोरं, गल्लीतसुद्धा. या वर्षीच्या वहीत पाच भावांच्या पानावर पेन्सिलीच्या रेघा आहेत, पानभर तिरप्या, कागद फाटेपर्यंत गेलेल्या. आणि त्याखाली विनोद. १८ मार्चच्या पानावर, अगदी कोपऱ्यात, बारीक अक्षरात: 'एकदा पुढे बसून बघायचं होतं. पण पेटी आहे.'

३ जून

सहा आठवडे झाले. पट्टा निघाला नाही अजून, पण दुखणं उतरलंय. आज डॉक्टरांकडे जायचं होतं. दारात परीक्षेची गाडी उभी होती, अशीच एक क्रॉसओव्हर. नाव डोंगराचं. संपादकाने पाठवलीय. तो म्हणतो, लिहा काका, जमेल तितकं. किती दिवस ते बघू.

मी पेटी काढून डिकीत टाकली. शेजारची सीट कलती केली, तिथं उशी ठेवली. ही टपाला हात धरून हळूच बसली. मग इकडेतिकडे बघू लागली. पडदा, बटणं, समोरची काच.

"बराच रस्ता दिसतो की हो इथून," म्हणाली. "तुम्ही एवढी वर्षं हे सगळं एकट्याने बघत होता?"

कारखान्याची गल्ली टाळली, लांबून घेतलं. ताशी वीस. मागून हॉर्न वाजत होते. ही म्हणाली, "वाजू देत, त्यांच्या पाठी चांगल्या आहेत."

दवाखान्याच्या फाटकात एक स्पीडब्रेकर लागतो. मी गाडी जवळजवळ थांबवून एकेक चाक वर चढवलं. शेवटचं चाक खाली उतरल्यावर विचारलं, "लागलं?" तिने नाही म्हणून मान हलवली. सवयीने माझा हात उठला, बोटं आडवी करून तिच्या डोक्यावर.

तिने तो हात धरला आणि खाली आणला.

"मोजू नका आता," म्हणाली. "पुढे बघून चालवा."